चंपाषष्ठी, मोहन्याच्या पुढे

सतरा वांगी आणली होती लष्करातून,
काटे शाबूत, देठ हिरवे,
ओल्या फडक्यात गुंडाळून जीपच्या मागल्या सीटखाली.
वडील म्हणाले, चार महिने तोंडाला लावली नाहीत,
आता दोन दिवसांनी काय बिघडतं.

तिसऱ्या पहाटे वानरं आली.
तीन बंदुका, एक दुर्बीण, पेटीभर काडतुसं
आणि आम्ही सगळे रजईत.
उरलं ते टोपलं, चावलेले देठ,
आणि धावड्यावर एक म्हातारं,
माझ्याकडे बघत शेवटचं वांगं खाणारं,
जसा काही त्याचाही चातुर्मास आजच सुटत होता.

बाबासाहेब हसले नाहीत.
चार रात्री मचाणावर थंडी खाऊन
एक तितर हाती लागला नव्हता,
त्यात कुलदैवताचा दिवस.
'केरबा, नैवेद्य चुकायचा नाही,' एवढंच बोलले
आणि बंदूक पुसत बसले,
जी सकाळीच पुसून झाली होती.

वडिलांनी परात ओढली
आणि बाजरी मळायला घेतली,
वांगी येणारच आहेत अशी.

रमसू सहरिया, माग काढणारा,
चुलीपासून चार हात लांब उकिडवा बसायचा.
मराठी त्याला कळत नव्हती,
टोपलं मात्र कळलं.
'भटा चइए?' म्हणाला,
आणि उत्तराआधीच करधईत शिरला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा परतला.
जुन्या ओढणीच्या गाठीत सात वांगी,
लहान, वाकडी, एक किडकं,
आणि न मागितलेली लसणीची पात, मुळांना माती तशीच.
पैसे विचारले तर म्हणे,
'घरवाली ने गिने नईं.'

करधईचा निखारा लवकर मरत नाही.
वडील बोटांनीच वांगी फिरवायचे,
चिमटा शेजारी पडलेला.
साल फुटली की एक बारीक शीळ येते,
मग धूर, गोडसर, डोळ्यांत जाणारा.
(नया बाजारात तिसऱ्या मजल्यावर, गॅसच्या जाळीवर
ती शीळ येत नाही.
मी दर वर्षी कान लावतो.)

राखेच्या कडेला रोडगे उभे केले, तळहाताएवढे,
तेव्हा रमसू पहिल्यांदा जवळ सरकला.
'जे तो गकरिया-भर्ता है,' म्हणाला. 'हम तो रोज खात.'

पिठाचे हात तसेच धरून
वडील जरा वेळ गप्प राहिले.
वर्षाचा सण होता आमचा.
मग विचारलं,
'नमक कब डालते हो? पहले, या मसलने के बाद?'
आणि दोघांचं जे सुरू झालं
ते कांदा चिरून संपला तरी संपेना.

तळी उचलायला पाच हात हवे.
धाकटे सरकार तापानं शिवपुरीला गेलेले.
बाबासाहेब, वडील, मी,
जीपवाले इद्रिस मियां, ज्यांनी आधीच जोडे काढले होते.
चार.
भंडाराही घरी राहिला होता, मसाल्याच्या डब्यातली हळद घेतली.
बाबासाहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग जंगलाकडे,
मग वडीलच म्हणाले, त्यांच्याकडे न बघता,
'रमसू, हाथ लगा.'
त्यानं धोतराला हात पुसला, दोनदा.

येळकोट येळकोट.
त्याला शब्द येत नव्हते,
पण वर उचलताना तो आमच्याआधी ओरडला,
हाका घालताना ओरडतात तसा,
आणि धावड्यावरची वानरं उठून पळाली.

पहिला घास कुत्र्याला.
कॅप्टन नावाचा तो गुबगुबीत कुत्रा
रोडगा हुंगून बाजूला झाला,
मग भरीत तेवढं चाटलं आणि अजून मागितलं.
बाबासाहेब तेव्हा हसले.

रात्री नाल्यापलीकडे सांबर ओरडलं,
इतकं जवळ की भांडी वाजल्यासारखं वाटलं.
इद्रिस मियां कुशीवर वळले.
रमसू जागा होता, मीही.
बाबासाहेबांनी अंधारातच विचारलं, 'केरबा, भरीत उरलंय?'

बंदूक खांबाला टेकून उभी होती,
दस्त्यावर हळदीची चार बोटं,
कोणाची ते कुणी विचारलं नाही.