रकाना एकतीस

नेरच्या पुढं अकरा किलोमीटर एसटी सोडते,
मग पायी, तुराट्यांच्या गंज्यांमधून.
फाट्यावर पानठेलेवाला म्हणाला,
"येड्यांचं घर ना? शाळंच्या मांगं."
माझ्या कागदावर लिहिलं होतं:
बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे साहाय्यित निवास,
दर्जा पडताळणी, प्रश्न बेचाळीस.

कवेलूचं घर, भाड्याचं.
राहतात चौघं. दुर्योधन गावंडे, वय सेहेचाळीस.
शालिक उईके.
किसना, ज्याचं आडनाव कुठल्याच रजिस्टरनं जपलं नाही.
आणि भगवंत डाखोरे, जो कुठल्याही प्रश्नाला
आधी "बुधवार" म्हणतो.
सोबतीला वच्छलाबाई, सकाळी सात ते रात्री नऊ.

पिण्याचं पाणी झाकलेलं: हो.
चादरी स्वच्छ: बऱ्यापैकी. एकीवर वाघ आहे,
त्या वाघावरून भांडण आहे.
जेवणात विविधता: नाही.
बाजाराची पाळी शालिकची,
आणि सलग चार गुरुवार
त्यानं वांगेच आणले.

मागच्या महिन्यात एक संस्था पाहिली, तालुक्याला.
फरशी अशी, की पाय ठेवायला संकोच व्हावा.
सोळा टॉवेल, सोळाही पिवळे.
सोळा जोड चपला, भिंतीकडे तोंड करून.
एकाच दिवशी, एकाच मशीननं कापलेले केस.
बेचाळीसपैकी एक्केचाळीस दिले मी.
परतीच्या गाडीत आठवू लागले
तर नाव एकाचंही येईना.

दुर्योधनच्या मनगटावर भाजल्याचा डाग.
इजा: तारीख, कारण, जबाबदार व्यक्ती.
"च्या मांडला म्या. उतू गेला,"
आणि हात पुढं करतो,
नवं घड्याळ दाखवावं तसा.
आधीच्या ठिकाणी तेवीस वर्षं
त्याच्या हाती कुणी काडेपेटी दिली नव्हती.
तिथल्या फायलीत तेवीस वर्षं
इजा: निरंक.

"जबाबदार कोण?" मी विचारलं.
"मीच ना! अखीन कोन?"

वच्छलाबाई पदराचं टोक पिळत उभी.
"मॅडम, मी दारातच होती. पाहून रायली होती.
धावली नाही.
धावली असती तं मंग त्यानं
पुन्हा कंदी च्या मांडला नसता.
आता त्याच्यापाई मले काढत असान तं काढा."
तिचा पगार मी विचारला नाही.
तो प्रश्न बेचाळिसांत नव्हता.

गावाशी संबंध: इथं पेन थांबलं.
पाटलाकडच्या लग्नात बोलावणं होतं, चौघांनाही.
नवे शर्ट घातले. भगवंतनं तर दोन, एकावर एक.
"मंग?"
"वाढलं ना," वच्छलाबाई म्हणाली.
"पंगत उठल्यावर वाढलं."
हो की नाही, यातलं काय लिहू?

एकतीस: निवासी समाधानी आहे काय?
भगवंत: बुधवार.
शालिक: वांगे.
दुर्योधन स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज.
किसनानं माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं,
मग पुन्हा माझ्याकडं, बराच वेळ.
"मले नाही सांगाचं. तू जाय."
आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं.
आत कडी वाजली.

बाहेरून कडी लागल्याचा आवाज
मी शंभर ठिकाणी ऐकलाय.
त्याची इतकी सवय, की फाट्यावर जाताना
पेटीसोबत कुलपाचंही निरीक्षण होऊन जातं.
हा आवाज वेगळा होता. लाकूड नवं, स्क्रू नवे,
आणि हात आतल्या माणसाचा.

ओट्यावर बसले. एकतीसच्या पुढं जागा अर्धा इंच.
लिहिलं: सांगण्यास नकार दिला.
खाली, कंसाबाहेर, शाई पसरली तरी:
कडी आतून आहे.

मग दुर्योधन चहा घेऊन आला,
दोन्ही हातांनी बशी धरून, जीभ दातांत दाबून.
सांडला थोडा, माझ्या कागदावरच.
साखर किती, हे मला कुणी विचारलं नव्हतं.
भयंकर गोड होता.
सगळा प्यायले,
आणि पाचची एसटी चुकली.