बिनपाण्याचं

माहुलीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला
इलाही शिकलगारांचं गॅरेज.
दोन नद्या मिळतात त्याचा आवाज इथं येत नाही,
कॉम्प्रेसरचा येतो.

माझी जिप्सी बॉनेट उघडून उभी,
दात मोजायला जबडा उघडलेल्या म्हशीसारखी.
(म्हैस इतक्या सहज उघडत नाही.
सतरा वर्षं जनावरांची डॉक्टर आहे मी.)

"ताप किती चढला होता?" मी विचारते तसंच ते विचारतात.
काटा लाल रेघेपार, वर्धनगडच्या तिसऱ्या वळणावर.
हेड उतरवलं, गॅस्केट बदललं,
आतली गंजाची खपली कागदावर ठेवली दाखवायला.
मीही मालकाला जंत असेच दाखवते.

आता बाकावर दोन डबे.
एक हिरवा. निम्मं औषध, निम्मं डिस्टिल्ड पाणी.
डब्यावर परमुलखाचा बर्फाचा डोंगर.
आमच्याकडे गोठतं काय? वेण्णा तलावाकाठचं दव,
तेही एखाद्या पहाटे, पेपरात फोटो येण्यापुरतं.
"गोठायचं सोडा हो. उकळू देत नाही, गंजू देत नाही.
फक्त दोन वर्षांनी बदला."

दुसरा निळसर, जड,
पुण्याहून भावानं पाठवलेला.
त्यात पाण्याचा थेंब नाही.
एकशे ऐंशीला गेलं तरी उकळी नाही, नळ्यांवर दाब नाही,
एकदा भरलं की जन्माचं.
"आणि किंमत?"
इलाहीभाईंनी गालावरून उलटं बोट फिरवलं,
"ती पण बिनपाण्यानंच करतात."

अट एवढीच की आधी इंजिनातलं पाणी घालवायचं,
हवा मारून, सुकवून, शेवटच्या ओलीपर्यंत,
आणि पुन्हा घोटभरही द्यायचं नाही.
घाटात गळालं तरी नाही.
कुणी दिलं तरी नाही.

मला हसू आलं. मी दहिवडीची.
ही अट आमचं गाव सही न करता पाळतं.

पण 'कुणी दिलं तरी' पाशी अडकले.
त्या दिवशी दिलं होतं की.
निढळला गाय अडलेली, मी घाटात अडकलेली,
मागून टँकर आला, थांबला.
नाव विचारायचं राहिलं.
गरम रेडिएटरवर गार पाणी घालू नये हे त्याला ठाऊक,
म्हणून वीस मिनिटं बिडी ओढत बसला.
मग व्हॉल्व्ह अर्धा फिरवून अर्धी बादली.
"बोलू नका कुठं. मापाचं आहे."

माझी गाडी कुणाच्या तरी हंड्यातलं प्यायली.
वासरू पायाळू होतं. जगलं.

म्हणजे निळाच बरा, असंही म्हणता येईल.
कुणाचा हंडा तरी उणा होणार नाही.
मी म्हणालेही तसं.

इलाहीभाई हात पुसत राहिले.
"पाणी ताप उचलून नेतं, डॉक्टर.
हे निळं तेवढं नेत नाही. आत तापलेलं तापलेलंच,
फक्त ओरडत नाही."

न ओरडणाऱ्या जनावराची
मला जास्त भीती वाटते.

"हिरवा घाला."

गॅरेजचं कुत्रं, ग्रीस त्याचं नाव,
सांडलेल्या थेंबाकडे नाक घेऊन आलं.
गोड लागतं ते. दोन दिवसांत मूत्रपिंडं जातात.
मी पाय आडवा घातला,
इलाहीभाईंनी भुसा टाकला,
दोघंही काही बोललो नाही.

निळा डबा घरी व्हरांड्यात आहे, सीलबंद.
भावाला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या सीटखाली आता पाच लिटरचा कॅन,
डिस्टिल्ड, गाडीच्या नावाचा.
परवा तो पहिल्यांदा उघडला, मलवडीच्या पुढच्या वस्तीवर.
इंजिन थंड होतं.
माझे हात कोपरापर्यंत भरलेले,
आणि त्या घरची बाई रिकाम्या रांजणाशी
उगाचच तांब्या घेऊन उभी होती.