दुसरं ताट

सातपूरची मनपा शाळा, खोली क्रमांक नऊ,
संध्याकाळी साडेसहाचा वर्ग.
कंपनीचा भोंगा झाला की मागच्या बाकावर
कुणीतरी अंगाचा ऑइलचा वास
दप्तराने झाकत येऊन बसतं.

मी इंग्रजी शिकवते.
म्हणजे पगारपत्रकात तसं लिहिलंय.

धडा आहे एका परक्या गावातल्या बाईचा:
मुलगा समुद्रावर गेला, होडी परतली, तो नाही;
ती रोज रात्री टेबलावर दोन ताटं मांडते.
प्रश्न पाच गुणांचा. बाईचं स्वभावचित्र रेखाटा.

एकोणतीस वह्या. एकोणतीस वेळा
बाई दयाळू, प्रामाणिक आणि कष्टाळू आहे.
मेन रोडवर मिळणाऱ्या गाईडमधली ही बाई.
मागच्या धड्यातला म्हातारा पोस्टमन असाच होता,
त्याआधीच्या धड्यातला कुत्रासुद्धा.

वह्या मिटल्या. म्हटलं, पेनं खाली ठेवा,
इंग्रजी जाऊ द्या बाहेर चहा प्यायला.
मला सांगा, दुसऱ्या ताटात ती वाढते काय?

गप्प. पंखा तेवढा कुरकुरला.
मग नगमा मन्यार म्हणाली, मच्छी.
समुद्रानं पोरगा नेला आणि ही मच्छी वाढेल?
वाढेलच, त्याला आवडायची.
तुला काय माहीत?
तुला तरी काय माहीत?
त्या खोलीत पहिल्यांदाच एका गोष्टीवरून भांडण झालं.
मी दार लोटून घेतलं, शेजारी गणिताचा तास होता.

काशिराम भोये, पेठकडचा, वसतिगृहात राहणारा,
हजेरीलाही नुसता ओठ हलवणारा,
म्हणाला, मॅडम, ते ताट सकाळी उचलतं कोण?

कुणी काही बोललं नाही.

आमची आयीस नागलीची एक भाकर जास्त थापते.
भाऊस वापीला गेलाय, दोन वर्षं झाली, फोन लागत नाही.
सकाळी ती भाकर कोंबड्यांना घालते,
पण आम्ही बघत नसलो तरच.

हे लिही, म्हटलं. हेच.
इंग्रजीत?
जेवढं येतं तेवढ्यात.

वीस मिनिटांनी वही आली. तीन ओळी.
शी पुट टू प्लेट.
मॉर्निंग शी वॉश टू प्लेट.
वन प्लेट इज क्लीन बिफोर वॉश.

लाल पेन माझ्या हातात होतं.
तेवीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर
मला कुणी लिहून दिलं नव्हतं,
आणि चुका सहा.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, राहू दे.
पण मार्चमध्ये हा पेपर कुणीतरी अनोळखी तपासणार,
गठ्ठा संपवायच्या घाईत. त्याला कोंबड्या माहीत नाहीत.

म्हणून त्याच्या बाकावर सरकून बसले.
तुझ्या बोलीत आयीस, बाहास, भाऊस,
घरातल्या माणसामागे एक स उभा असतो ना?
इंग्रजीत येताना तोच तू घरी विसरतोस.

तो हसला. मग जीभ दाताखाली धरून
स लावत गेला. पुट्स. प्लेट्स. वॉशेस.
नको तिथेही एक लावला,
शेवटच्या ओळीत: वन प्लेट्स.

तो मी अजून खोडलेला नाही.
वही माझ्याकडे आहे. उद्या आधी त्याला विचारेन.