खर्च: शून्य

वडिलांच्या प्रत्येक फोटोला पाठ आहे.
पुढे त्यांनी उभं केलेलं काहीबाही:
पुठ्ठ्याचा किल्ला, पोत्यांचं वाळवंट,
रीजेंट थिएटरच्या दर्शनी भिंतीवर
दुमजली उंचीची एक बाई, ओठ लाल असावेत,
फोटोत काळे.
पाठीवर जांभळ्या शाईत हिशेब.
लाकूड अकरा शिलिंग. रंग साडेचार.
सुतार आपणच.
परिणाम: शनिवारचे दोन्ही खेळ भरले,
चाळीस जण दारातून परत.

एक प्रत लंडनच्या मुख्य कचेरीला जायची, बक्षिसासाठी.
एक घरी उरायची.
एकदा खरंच प्रशस्तिपत्र आलं,
आडनाव चुकलेलं, हाल्डनबीचं होल्डरबी.
तरी ते काच लावून जिन्यात टांगलं
आणि आम्ही पोरं झोपायला वर जाताना
त्या होल्डरबीला रोज गुड नाइट म्हणायचो.
बिचारा, त्याचं इथे कोण होतं?

ग्रिम्सबीत तेव्हा दिवस पहाटे चारला मासळीच्या लिलावाने उजाडायचा.
बोटी तीन-तीन आठवडे आइसलंडकडे,
परतलेल्या माणसाच्या खिशात पैसे, अंगाला वास
आणि हातात दोन दिवस.
त्या दोन दिवसांवर वडिलांचा डोळा.
त्यांच्या टेबलावर भरती-ओहोटीचं कोष्टक
सिनेमाच्या वेळांच्याही वर असायचं.

हा अस्वलाचा.
बर्फातला कुठलातरी चित्रपट, पाटी अर्धी कापली गेलीय.
अस्वलाच्या आत मी होते.
रोलंड म्हणतो, तो होता.
पंचाहत्तरी उलटली दोघांची, अजून फोनवर भांडतो.
डिंकाचा वास आठवतो मला, मी म्हणते.
मलाही, तो म्हणतो. आणि नाकाशी येणारा खिळा.
खिळा मला आठवत नाही.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

आणि हा.
फर्निचरच्या दुकानाची काच, आत पलंग,
पलंगावर उसन्या झग्यातली आमची आई,
उशाशी औषधाची बाटली, कागदी फुलं,
वर पाटी:
ही बाई जागी होणार की नाही?
उत्तर सोमवारपासून, रीजेंटमध्ये.
बाहेर हॅटा, बाबागाड्या,
काचेला नाक लावलेला एक खलाशी.

दोन ते पाच निपचित पडायचं, एवढंच तिचं काम.
ती खरंच झोपली.
कशावरून? तोंड उघडं आहे.
पहाटे बंब पेटवणारी,
वडिलांच्या शर्टाची कॉलर कडक करणारी,
रात्री उरलेले आइस्क्रीमचे कप मोजून
मग घरी येणारी ती बाई
मी घरात कधी झोपलेली पाहिली नव्हती.
भर रस्त्यात, अर्ध्या गावासमोर,
तिला तीन तास मिळाले.

पाठीवर:
पलंग उसना. झगा उसना.
फुलं नऊ पेन्स.
बाई, खर्च शून्य.
परिणाम: गर्दी हटवायला पोलीस बोलवावा लागला. उत्तम.

शेवटच्या आजारात एकदा तिने विचारलं,
तो फोटो आहे का गं तुझ्याकडे?
कुठला?
ज्यात मी काहीच करत नाहीये, तो.

काल भिंग घेऊन बसले.
काचेत, खलाशाच्या कानाशेजारी,
फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब आहे.
कॅमेऱ्यामागे चेहरा नाही, पण डावा हात
वर आलेला, बोट ओठांवर.
गर्दीला गप्प करत असतील.
तिच्यासाठी? की पोलीस येऊ नये म्हणून?
की नुसतीच मिशी खाजवत होते?

रोलंडला पाठवणार होते.
पाकिटावर पत्ताही घातला.
नाही पाठवला.
तो म्हणेल, काचेवरचा डाग आहे.