दाबलं तर बरं वाटतं का

मानवतला, कापूस बाजाराच्या मागे,
पाइपांच्या दुकानावरच्या खोलीत
दोन खाटा, एक पंखा, आणि भिंतीवर
रेषारेषांचा एक उघडा माणूस.
पोरं त्याला रेल्वेचा नकाशा म्हणतात.

प्रयागबाई आल्या त्या फायलीसकट.
सोनोग्राफ्या तीन, दुर्बीण एक.
प्रत्येक कागदावर खाली सही आणि वर काही नाही.
"पोटात दुखायलंय," म्हणाल्या, "चार साल झाले.
मशीनला दिसंना. सून म्हणती, नाटकं."

मी तेच विचारलं जे सिरसाट सरांनी
वर्षभर घोकून घेतलं होतं:
दाबलं तर बरं वाटतं का, की हात नकोसा होतो?
शेकलं तर? जेवल्यावर, की उपाशीपोटी?
एका जागी टोचतं, की फिरतं?

चिनी वैद्याच्या लेखी पोटदुखी एक नसते.
हात मागणारी असते रिकाम्या पोटाची,
हात झटकणारी भरलेल्या.
उबेला धावते तिच्यात गारठा शिरलेला असतो.
सुरी रोवून एका जागी बसतं ते साकळलेलं रक्त,
आणि फिरतो, फुगतो, ढेकर आला की जरा सरकतो
तो अडलेला वारा.
वारा हा शब्द माझा. ते 'ची' म्हणतात,
पण 'ची' म्हटलं असतं तर प्रयागबाईंना
मी त्यांची किळस करतेय असं वाटलं असतं.

"फिरतंय," त्या म्हणाल्या. "म्हशीवानी.
दाव्याची म्हैस खुट्याभवती फिरती ना, तसं.
हात लावू देत न्हाई. आन् कधी कधी
लई दाब म्हणतंय."

जीभ बघितली. कडा लाल, मधे पांढुरका थर,
काठाला दातांचे ठसे.
नाडी तीन बोटांखाली ताणलेली,
ओलं लुगडं वाळत टाकलेल्या तारेसारखी.

मी सांगू लागले: यकृत म्हणजे लाकूड,
प्लीहा म्हणजे माती. राग अडला की
लाकूड मातीवर चालून जातं.
सांगताना मलाच फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं झालं.
त्यांनी मात्र मान हलवली.
"बांधावरल्या बाभळीच्या मुळ्या," म्हणाल्या,
"चार तासं पीक येऊ देत न्हाईत."

मग बांधच निघाला.
पाथरीला, दुय्यम निबंधकाच्या टेबलावर
हक्कसोड पत्र. भावानं आणलेली साडी,
पेढ्यांचा पुडा, "आक्का, हितं."
डाव्या अंगठ्याला निळी शाई.
"म्या खुशीनं दिलं," म्हणाल्या.
"खुशीनं दिलं," पुन्हा म्हणाल्या,
आणि हात आपोआप बरगडीखाली गेला.

कधीची गोष्ट?
बोटांवर मोजलं. मोजून गप्प बसल्या.

पहिली सुई पायावर, अंगठ्याच्या आणि
शेजारच्या बोटाच्या खोबणीत.
त्यासाठी जोडवं सरकवावं लागलं,
ते चाळीस वर्षांत सरकलं नव्हतं. साबण लावला.
दुसरी गुडघ्याखाली चार बोटं. तिथं टोचलं की
थकलेला शिपाईसुद्धा आणखी तीन ली चालतो म्हणे.
"तीन कोस?"
नाही, बरंच कमी.
"मंग माहेर लांब हाय."

पोटावर दोन बोटं अंतर ठेवून
मोक्साची कांडी धरली. धूर आढ्याला गेला.
"दवना," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "चैतातला."
बरोबर ओळखलं. दवण्याच्याच कुळातला तो पाला.

खाली दुकानात कुणी पाइप कापत होतं.
मग पोट बोललं, मोठ्यानं, गुरगुरत,
तुंबल्या दांडातून पाणी सुटावं तसं.
त्या लाजल्या, पदर तोंडाशी नेला.
असू द्या, म्हटलं, याचीच तर वाट बघत होतो.

वहीत लिहिलं: फिरती कळ, उबेनं बरं वाटतं.
'कारण' या रकान्यात 'हक्कसोड' लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं.
गार खाऊ नका, सोमवारी या.
"सोमवारी बाजार," म्हणाल्या. "मंगळवारी येते.
भाऊबीजेला जावं का, डॉक्टरीण?"
मी जोडवं जागेवर बसवत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जिना उतरताना एक हात कठड्यावर,
एक पोटावर.
दाबत होत्या की नुसता ठेवला होता,
वरून कळलं नाही.