दोन-सहा

तिजेआधी फिरोजाबादला ऑर्डर जायची होती,
म्हणून आषाढभर वही घेऊन बसले गल्ल्याशेजारी.
येईल तिचा हात मोजायचा. नाव नको, फक्त माप.
पाचशे हात, सगळे उजवे.

राजवाड्यामागचं आमचं दुकान सहा फूट रुंद.
बाबा मोजत नाहीत.
अंगठा तळव्यात दुमडतात, सांधे दाबून पाहतात,
'दोन-सहा' म्हणतात,
आणि ते दोन-सहाच असतं.

माझी सरासरी निघाली दोन इंच सहा आणे,
प्रमाण विचलन दोन आणे
(इंचाचे सोळा आणे
विद्यापीठात शिकवत नाहीत).
कागदावर टिंबांची रास चढली, उतरली,
मधे उंच, कडांना विरळ,
परातीत चाळून ठेवलेल्या पिठासारखी.

रात्री तक्ता उघडला.
दोन-दोनच्या खाली शंभरात दोन.
दोन-आठच्या वर सोळा.
मधे ब्याऐंशी.
'एवढ्यांचाच माल मागवा,' मी म्हटलं,
'अठरा जणींसाठी भांडवल कशाला अडकवायचं?'
बाबा सुपारी कातरत होते.
कातरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुगनबाई आली,
पोलोग्राउंडच्या कारखान्यात पॅकिंगला असते ती.
उजवा हात पुढे केला: दोन-सहा, राशीच्या ऐन माथ्यावर.
मग डावा.
मशिनीत सापडून वाकडी जुळलेली बोटं,
दोन-बारा.
हजारात एखादा.

पेन्सिल थांबली.
बाई एक, टिंबं दोन?
एक गर्दीत, एक पार तिकडे
जिथे रेघ जमिनीला टेकल्यासारखी वाटते
आणि टेकत नाही.
दोन्हींची सरासरी दोन-नऊ:
उजव्यातून गळेल,
डाव्यात चढणार नाही.

बाबांनी काही विचारलं नाही.
वरच्या फळीवरून खोकं काढलं, धूळ झटकली,
दोन डझनांचे दोर कापले,
साबणाच्या पाण्याने भरत गेले
सहा इकडे, सहा तिकडे,
एकही न वाढवता.
हिरव्याला हिरवा नेमका जुळत नव्हता.
तिने दोन्ही हात दारातल्या उजेडात धरले,
वाजवून पाहिले.
'चलेगा,' म्हणाली.

उरलेल्या सहा दोन-सहा
दिवे लागायच्या आत खपल्या.
दुसऱ्या सहा बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळल्या,
माझी पेन्सिल मागून घेतली
आणि वर लिहिलं:
सुगन, डावा.