गेटवरची झडती

स्टॅनिफोर्थनी शेफील्डच्या भट्टीवर
एकतीस वर्षं पोलाद ओतलं.
आता त्यांच्या उजव्या फुप्फुसात
एक बुरशी लोह हुडकतेय.

तिला ना तोंड, ना पोट.
आधी रस सोडते बाहेर,
मांस विरघळलं की
तंतूतंतूंनी शोषून घेते.
लोहासाठी मात्र गळ टाकते,
डोळ्यांना न दिसणारे, रक्तात.

शरीरही काही कमी नाही.
लोह यकृतात दडवतं
आणि स्वतः पांढरंफटक पडतं.

"मग लोहाची गोळी का नाही देत?"
लेक विचारते, सूपचा डबा उघडत.
मी म्हणते, एवढ्यात नको.
पंगतीला कोण बसलंय, दिसतंय ना एक्स-रेत.

म्हातारा ऐकत असतो.
"आमच्याकडे सुटताना गेटवर झडती व्हायची.
खिळासुद्धा बाहेर जायचा नाही,"
म्हणतो, खोकतो,
आणि रुमाल उघडून बघतो.